टॅफकाठचा आरव

कार्डिफ शहरात मी वाचलेला पहिला शब्द पाटीवर नव्हता, रस्त्यावर होता. चक्क डांबरावर, पांढऱ्या रंगात, पुरुषभर लांबीची चार रोमन अक्षरे: ए, आर, ए, एफ. लगेच पुढे इंग्रजीत ‘स्लो’. वेल्समध्ये सरकारी पाट्या दोन भाषांत असतात हे ऐकून होतो. पण मराठीच्या मास्तराला परक्या भाषेचा एक शब्द मिळाला की तो खिशात टाकल्याशिवाय पुढे जाववत नाही. गाडीत शेजारी बसलेल्या भाच्याला मी विचारले, “याचा उच्चार काय रे?”

“आरव,” तो म्हणाला. “मामा, आमच्याकडे एक एफ असला की व. दोन असले की मग फ.”

मी चकित झालो. आरव म्हणजे आपल्याकडे कोलाहल, गलबला! आणि इथे तोच शब्द ‘सावकाश जा’ म्हणून दर चौकात रंगवून ठेवलेला. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. विद्यार्थ्याने तसा तो जोडला असता, तर मी त्याचे गुण कापले असते. पण प्रवासात माणूस जरा सैल होतो. पुढच्या दहा दिवसांत तो जोड मला इतक्या वेळा आठवला, की त्याच नावाने हा लेख लिहायला बसलो आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. तिचे यजमान तिथल्या इस्पितळात डॉक्टर आहेत; घरात सगळे, बहीणसुद्धा, त्यांना ‘डॉक्टर’च म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्यांचा एकुलता एक मुलगा सतरा वर्षांचा. मराठी बोलतो, पण वाक्य तोडून, आणि शेवटी आवाज चढवून. वेल्श लोक इंग्रजी बोलताना असाच हेल काढतात, असे बहीण म्हणते. मी गेलो तेव्हा पाऊस होता. निघालो तेव्हाही होता. सूर्य लवकर मावळायचा आणि अंगणात लावलेली पणती वारा मिनिटभरही जगू देत नसे.

शहर मात्र टुमदार. मधोमध किल्ला, किल्ल्याच्या मागे मैलभर पसरलेली बाग, बागेच्या कडेने टॅफ नदी, आणि नदीच्या अगदी काठावर, बाजारपेठेला खेटून, चार पांढरे खांब आकाशात उभारलेले क्रीडागार. आपल्याकडे एवढे मोठे मैदान गावाबाहेर नेऊन ठेवतात. इथे ते देवळासारखे गावाच्या पोटात आहे. १९९९ साली बांधलेले. सुमारे चौऱ्याहत्तर हजार माणसे बसतात. छप्पर वीस मिनिटांत सरकून बंद होते. आधी नाव मिलेनियम स्टेडियम, २०१६ पासून प्रिन्सिपॅलिटी. पण म्हातारी मंडळी अजून जुन्याच नावाने, ‘आर्म्स पार्क’ म्हणून, त्या जागेबद्दल बोलतात. त्या नावाचे लहानसे मैदान शेजारी अजून आहेही.

खेळ अर्थात रग्बी. माझे या खेळाचे ज्ञान म्हणजे मुंबईत पावसाळ्यात आझाद मैदानाच्या बाजूने जाताना जिमखान्याच्या कुंपणाआडून दिसलेला चिखल आणि त्यात लोळणारी तरणी मुले. थांबून पाहण्यासारखे त्यात काही आहे, असे कधी वाटले नव्हते. एकाने लांबट चेंडू घेऊन पळावे, दुसऱ्याने त्याला पाडावे, मग दहा जणांनी त्याच्यावर पडावे, आणि त्या ढिगाऱ्यातून चेंडू केव्हा तरी बाहेर यावा. माझे हे मत मी जेवताना बोलून दाखवले आणि पंगतीत एकदम शांतता पसरली. बहिणीने मला डोळ्यांनी दटावले. नंतर कळले, की चिरंजीवांनी नुकताच पंचगिरीचा प्राथमिक अभ्यासक्रम पुरा केला होता आणि रविवारी मुलांच्या सामन्यांत शिट्टी घेऊन उभे राहत होते.

“मामा,” तो म्हणाला, “त्या ढिगाला रक म्हणतात. आणि सगळा खेळ तिथेच आहे.”

रक हा शब्द मी शब्दकोशात पाहिला. मूळ उत्तरेकडचे, अर्थ ढीग, गंजी. म्हणजे माझा ‘ढिगारा’ अगदीच चुकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रात्री दिवाणखान्यात त्याने आम्हा तिघांना रक शिकवला. चेंडू गॅरेजमध्ये होता आणि बाहेर पाऊस, म्हणून लक्ष्मीपूजनाचा नारळ घेतला. नारळही लांबटच असतो. मी नारळ घेऊन निघालो, डॉक्टरांनी माझ्या कमरेला मिठी मारली, आणि मी गालिच्यावर आडवा झालो. लगेच शिट्टी.

“काय झालं?”

“मामा, तू पडलास. आता नारळ सोडायचा. लगेच. बाबा, तुम्ही मामाला सोडा आणि बाजूला लोळा. आई, तू उभी राहा, पायांवर. गुडघा टेकला की तू बाद. आता वाक आणि नारळ ओढ.”

बहिणीने नारळ ओढला. मी तो सोडला नव्हता. पुन्हा शिट्टी. डॉक्टर बाजूला लोळायचे सोडून हसत पडून राहिले होते, त्यांच्यावर तिसरी.

गंमत सोडा, पण त्या गालिच्यावर पडल्या पडल्या मला जे समजले ते कॉलेजात कबड्डीची पंचगिरी करूनही समजले नव्हते. कबड्डीत गडी खाली दाबला गेला आणि मध्यरेषेला हात न लागता त्याचा दम सुटला, की तो मेला, विषय संपला. रग्बीत गडी पडला की खरा विषय तिथे सुरू होतो. पडलेल्याने चेंडू सोडायचा असतो, पण आपल्या माणसांना येऊन उभे राहायला वेळ मिळावा म्हणून तो क्षणभर जास्त धरून ठेवतो. पाडणाऱ्याने दूर व्हायचे असते, पण चेंडू बाहेर यायला वेळ लागावा म्हणून तो जरा रेंगाळतो. तिसरा वाकून चेंडू हिसकायला येतो. त्याला इंग्रजीत ‘जॅकल’ म्हणतात. हा शब्द ऐकताच मी उठून बसलो, कारण तो मूळचा आपला शृगाल! फारशीत शगाल झाला, तुर्कस्तानातून युरोपात गेला आणि आता वेल्समधल्या चिखलात चेंडू पळवतो आहे. या कोल्ह्याने स्वतःच्या पायांवर उभे राहायचे असते आणि आपल्या बाजूनेच यायचे असते; तो बहुधा कुठून तरी तिरका शिरतो. दोन्ही बाजूंचे गडी उभ्याने चेंडूवर भिडले, की रक झाला. मग नव्याने कुणी हात घालायचा नाही, आणि बाकीच्यांनी शेवटच्या पायाच्या मागे थांबायचे. हे सगळे दोन-तीन सेकंदांत. आंतरराष्ट्रीय सामन्यात असे दीडशेच्या आसपास रक होतात.

“आणि यातली प्रत्येक चूक तुला दिसते?”

“सगळ्या नाही. पण प्रत्येक रकमध्ये एक तरी असतेच. प्रत्येक वेळी शिट्टी वाजवली तर खेळच होणार नाही.”

“मग वाजवायची केव्हा?”

तो थांबला. मराठी शब्द शोधत असावा. “चेंडू बघायचा. चेंडू लवकर आला तर चूक झाली, पण कुणाचं काही गेलं नाही. उशीर झाला, तर विचारायचं, उशीर कुणी केला? त्याला धरायचं.”

सावकाश आलेला चेंडू हाच पुरावा! तीन सेकंदांच्या आत बाहेर आला तर समोरचा बचाव अजून सावरलेला नसतो, आणि पळायला वाट मिळते. पाच-सहा सेकंद गेले, की समोर भिंत उभी. म्हणून एक संघ चेंडू लवकर यावा म्हणून धडपडतो, तर दुसरा तो कुजावा म्हणून. आणि कधी कधी उलटेही होते: ज्याच्याकडे चेंडू आहे तोच रेंगाळतो. रकच्या मागे एकामागे एक गडी सुरवंटासारखे जोडायचे आणि त्या आडोशाने निवांत उंच लाथ मारायची. किंवा आघाडी असेल तर नुसतेच घड्याळ खायचे. यावर उतारा म्हणून पंच ओरडतो, ‘यूज इट’. वापरा! त्यानंतर पाच सेकंद. पाच सेकंदांत चेंडू खेळला नाही तर स्क्रम, आणि चेंडू दुसऱ्याचा. २०२४ पासून हा नियम कसोशीने पाळायचा, असे जागतिक संघटनेने पंचांना बजावले आहे. आपल्याकडे इतके दिवस नियम होता पण पाळत नव्हते म्हटले, तर कुणाला नवल वाटणार नाही. तिथेही तेच, हे ऐकून मला उगीचच बरे वाटले.

मग त्याने मला एक जुना सामना दाखवला. २६ फेब्रुवारी २०१७, लंडनचे ट्विकनम, इंग्लंड विरुद्ध इटली. इटलीचा संघ दुबळा. सरळ खेळला तर पार धुऊन निघणार. त्यांनी काय करावे? त्यांनी रक करायलाच नकार दिला. इंग्लंडचा गडी पाडायचा आणि मग कुणीच भिडायला जायचे नाही. दोन्ही बाजू भिडल्या नाहीत म्हणजे रक नाही. रक नाही म्हणजे मागे थांबण्याची रेषाही नाही. मग इटलीचे गडी खुशाल इंग्लंडच्या गोटात जाऊन उभे राहिले, चेंडू देणारा आणि घेणारा यांच्या मध्ये. नियमांच्या पुस्तकात याला आडकाठी करणारी एकही ओळ नव्हती. इंग्लंडचे धिप्पाड वीर गोंधळले. शेवटी त्यांनी खेळ चालू असताना फ्रेंच पंच रोमँ प्वात याला विचारले, की आम्ही काय करावे? तो म्हणाला, की मी पंच आहे, प्रशिक्षक नाही. मध्यंतराला इटली १०-५ अशी पुढे! पुढे इंग्लंड सावरले आणि ३६-१५ असे जिंकले. त्यांचे प्रशिक्षक मात्र, हे रग्बीच नव्हे, म्हणून संतापले. त्याच वर्षी नियम बदलला. आता पडलेल्या चेंडूवर एका बाजूचा एक गडी उभा राहिला तरी रेषा होते.

मी व्याकरण शिकवतो. नियमाला अपवाद आणि अपवादाला पुन्हा अपवाद यांत माझी वीस वर्षे गेली. त्या इटालियन मंडळींचे मला मनापासून कौतुक वाटले. भाच्याला वाटले नाही. “मला पंच आवडला,” तो म्हणाला. “त्याला किती लोक ओरडत होते, मामा. पुस्तकात नाही, म्हणून त्याने वाजवली नाही.”

या गावाला पंचाचे वेड का आहे, याचे कारण नदीकाठच्या त्या मैदानातच आहे. १६ डिसेंबर १९०५ रोजी तिथल्या जुन्या आर्म्स पार्कवर वेल्सने न्यूझीलंडला ३-० असे हरवले. त्या लांबलचक दौऱ्यात न्यूझीलंडचा हा एकच पराभव. पण बॉब डीन्स नावाच्या त्यांच्या तरुण खेळाडूचे म्हणणे असे, की मी चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला होता आणि मग मला मागे ओढले. पंच होता स्कॉटलंडचा जॉन डॅलस. तो रोजच्या कपड्यांत, साध्या बुटांत धावत होता, म्हणून मागे पडला, असे सांगतात. तो पोहोचला तेव्हा चेंडू रेषेच्या अलीकडे. त्याने जे पाहिले त्यावर निकाल दिला. डीन्स १९०८ साली, चोविसाव्या वर्षी वारला. वाद अजून जिवंत आहे. बहिणीच्या शेजारच्या आजोबांनी मला फाटकाशी उभे राहून, पाऊस अंगावर घेत, डॅलस बरोबर कसा होता हे पटवून दिले. जणू काल संध्याकाळची गोष्ट! न्यूझीलंडमध्येही असेच कुणी आजोबा फाटकाशी उभे असतील; फक्त निकाल उलटा.

आता रविवारचे सांगतो.

किल्ल्यामागून टॅफ ओलांडली, की पलीकडे पोंटकॅना नावाची सपाट हिरवी मैदाने आहेत. रविवारी सकाळी तिथे चुन्याच्या रेषा आखून मुलांचे सामने चालतात. नेमलेला पंच येऊ शकला नव्हता, म्हणून यजमान क्लबाने आमच्या चिरंजीवांना पाचारण केले. अडचण अशी, की हा त्यांच्याच क्लबात वाढलेला मुलगा. सातव्या वर्षापासून त्याच मैदानावर खेळलेला. डॉक्टर त्या क्लबाचे जुने हितचिंतक. चौदा-पंधरा वर्षांची मुले, गुडघाभर चिखल, कडेला छत्र्या घेतलेले आईबाप आणि त्यांत चकल्यांचा डबा धरून उभा असलेला मी.

सामना चांगला झाला. भाचा मला ओळखू येईना. घरात वाक्य अर्धे सोडणारा पोरगा तिथे मोठ्या, स्वच्छ आवाजात सतत बोलत होता: सोड, दूर हो, पायांवर राहा. त्याच्यापेक्षा खांदाभर रुंद मुले त्याला ‘सर’ म्हणत होती आणि मुकाट्याने मागे सरत होती. कडेचे आईबाप मात्र कुणाला सर म्हणत नव्हते.

शेवटच्या दोन मिनिटांत यजमान एका ‘ट्राय’ने पुढे होते. चेंडू त्यांच्याकडेच. त्यांनी पाहुण्यांसमोर रक केला, मागे दोन गडी जोडले, आणि बसून राहिले. चेंडू मागच्या मुलाच्या पायाशी स्वच्छ दिसत होता. तो पोरगा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून घड्याळ असलेल्या बापाकडे बघत होता.

“यूज इट!” भाचा ओरडला.

मी मोजू लागलो. एक, दोन, तीन, चार...

शिट्टी वाजली. त्याने हात पाहुण्यांच्या बाजूला केला. स्क्रम, चेंडू त्यांचा.

आणि मग आरव उठला. छत्र्या हलू लागल्या. कुणी म्हणाले, याला मोजता येत नाही. कुणी त्याला नावाने हाक मारून विचारले, तू कुठल्या क्लबाचा? आणि त्या सगळ्यांत एक आवाज माझ्या डाव्या कानाशी होता, आणि तो डॉक्टरांचा होता. मराठीत. “अरे, काय घाई होती!”

भाच्याने मान वळवली. एवढ्या इंग्रजी गदारोळात मराठी वाक्य बरोबर वेगळे पडते. त्याने क्षणभर आमच्याकडे पाहिले, आणि मग तो स्क्रमच्या जागेवर टाच रोवून उभा राहिला.

मला त्या क्षणी काय आठवले ते सांगायला हवे. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजात वर्गावर्गांचा कबड्डीचा अंतिम सामना होता आणि मी पंच होतो. एका किरकोळ मुलाने तिघांच्या मिठीतून बोटे रेषेला लावली. दम चालू होता. मी ऐकला होता. मी हात वर केला. व्यासपीठावरून एका मोठ्या खुर्चीवरचा आवाज आला, की दम तुटला होता. मी पुन्हा विचार केल्यासारखे केले, आणि हात खाली घेतला. मुलगा काही बोलला नाही. अंगाची माती झटकून बाहेर गेला. त्याचे नाव मला अजून पाठ आहे. त्या खुर्चीवरच्या माणसाशी मी नंतर अनेक वर्षे चहा प्यालो.

पाहुण्यांनी त्या स्क्रममधून कोपऱ्यात ट्राय केला. बरोबरी झाली. त्यानंतरची लाथ वाऱ्याने बाहेर नेली, आणि सामना संपला. दोन्ही संघांनी रांगेत उभे राहून हात मिळवले. यजमान संघाचा तो घड्याळवाला पोरगा भाच्याशी हात मिळवताना काही तरी म्हणाला आणि दोघे हसले. मोठी माणसे छत्र्या मिटत गाड्यांकडे गेली. एका बाईंनी मात्र मुद्दाम येऊन त्याला ‘थँक यू, रेफ’ म्हटले. त्या पाहुण्यांकडच्या होत्या, हे मला दिसले. तरी मी त्यांना चकली दिली.

गाडीत कुणी बोलेना. डॉक्टर चालवत होते, बहीण पुढे, आम्ही दोघे मागे. भाच्याच्या बुटांचा चिखल पायपुसणीवर पडत होता. किल्ला गेला, बाग गेली. बऱ्याच वेळाने तो खिडकीकडे बघत हळूच म्हणाला, “मामा, पाच झाले होते ना?”

मी काय सांगणार? मी त्या रात्री गालिच्यावर पडलो होतो तेव्हापासून या मुलाशी खोटे बोलणे मला अवघड झाले होते.

“माझे चार झाले होते,” मी म्हटले.

पुढच्या सीटवर बहिणीने मान वळवली. डॉक्टरांनी आरशातून पाहिले.

“तू मराठीत मोजलंस?” भाच्याने विचारले.

“हो.”

“केव्हापासून? मी ओरडलो तेव्हापासून, की ओरडून झाल्यावर?”

मी आठवून पाहिले. “ओरडून झाल्यावर. म्हणजे... जरासा विचार करून.”

“हां,” तो म्हणाला, आणि बूट काढायला वाकला. खाली वाकलेलाच असताना म्हणाला, “पुढच्या वेळी मी मोठ्यांदा मोजीन. म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल.”

डॉक्टर काही बोलले नाहीत. वेल्समध्ये २०२३ च्या सप्टेंबरपासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी वीस मैलांची मर्यादा आहे. त्यावरही तिथे पुष्कळ आरडाओरडा झाला होता, आणि त्यात डॉक्टरही होते, असे बहिणीने सांगितले होते. घराच्या वळणावर ती चार पांढरी अक्षरे आली. रस्ता मोकळा होता, मागेपुढे कुणी नव्हते. डॉक्टरांनी ब्रेकवर पाय ठेवला, काटा वीसवर आणला, आणि आरशात न बघता म्हणाले, “मोठ्यांदा मोजलंस तर बरं. मलाही ऐकू येईल.”

बहिणीने चकल्यांचा डबा मागे दिला. त्यात तीनच उरल्या होत्या.